चौसष्टावं कार्ड

१

"ताई, सरांनी मला खोटी ठरवलं," अक्षदा फोनवर म्हणाली. "पाच वाजता कोश छापखान्यात जाणार. त्यात माझा एकही शब्द नसणार."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रेरणाने हातातली मातीची पिशवी टेबलावर ठेवली, प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि स्कूटी छावणीकडे काढली. अक्षदा रडत नव्हती, एकेक शब्द तोलून बोलत होती. एरवी ही मुलगी वाक्य पूर्ण व्हायच्या आत हसायची.

पुंजाराम सरांचं घर छावणीच्या बाजारामागे. कॉलेजात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण त्यांचं खरं काम त्याच्याही आधीपासून चालू होतं: इंग्रजीतले दुर्मिळ, वापरातून गेलेले शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ. त्यांचा सिद्धान्त साधा होता. शब्द तिकडे मेला तरी ती वस्तू किंवा ती रीत इकडे जिवंत असते. 'पिनफोल्ड' म्हणजे मोकाट जनावरं अडकवायची गावची जागा. इंग्रजांच्या बोलण्यातून तो शब्द गेला. इथे कोंडवाडा म्हटलं की कुणालाही कळतं. 'ओव्हरमॉरो' म्हणजे येणारा परवा. तो त्यांनी टाकून दिला. आपला परवा रोज लागतो.

म्हणून सरांचा नियम होता, प्रत्येक अर्थाला साक्षीदार हवा. रोजच्या बोलण्यात तो शब्द वापरणारा जिवंत माणूस, नावगावासह. एका शब्दाला एक कार्ड, खाली साक्षीदाराचं नाव आणि संग्राहकाचं आद्याक्षर. संग्राहक तीन होते. स्वतः सर, त्यांचा जुना विद्यार्थी कृष्णा आणि गेल्या वर्षभरापासून अक्षदा. वनस्पती, माती, धातू यांचे शब्द तपासून द्यायचं काम प्रेरणाकडे होतं.

दार उघडंच होतं. खोलीत कूलर घरघरत होता. सर खुर्चीत ताठ बसले होते. कृष्णा खिडकीपाशी उभा होता. प्रकाशकाकडून आलेला प्रणय मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि अक्षदा कार्डांच्या कपाटाला पाठ लावून उभी होती.

"हे वाच," सरांनी एक कार्ड पुढे केलं.

टाइपरायटरवर उमटवलेला मजकूर असा होता:

टेदरा: तीन. उत्तर इंग्लंडातल्या मेंढपाळांची मेंढ्या मोजायची जुनी गिनती. यान, टान, टेदरा अशी. आपल्याकडे: वीस मेंढरं मोजून झाली की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचा. साक्षीदार: केसरबाई, लासूर स्टेशन. संग्राहक: अ.

"छान आहे की," प्रेरणा म्हणाली.

"छान आहे, पण खोटं आहे," कृष्णा म्हणाला. "दर दहातल्या एका कार्डाच्या साक्षीदाराला फोन करायचं काम माझं आहे. आज सकाळी केसरबाईंना केला. त्या म्हणाल्या, असलं काही मी बोललेच नाही."

"आणि नियम तुला ठाऊक आहे," सर म्हणाले. त्यांनी अक्षदाकडे पाहिलं नाही. "एक साक्षीदार खोटा निघाला की त्या संग्राहकाची सगळी कार्डं रद्द. तिची चौसष्ट आहेत, चौसष्टही जाणार. मुखपृष्ठावरचं नावही."

"सर, ते कार्ड माझं नाय," अक्षदा म्हणाली. "टेदराचं मी टाइप केलेलं कार्ड दुसरंच होतं."

"मग ते कुठंय?" कृष्णाने विचारलं.

अक्षदाने कपाटातला आपला कप्पा ओढला आणि हात बाजूला घेतले. टेदराच्या जागी दुसरं कार्ड नव्हतं.

२

प्रेरणाने तिला मागच्या ओट्यावर नेलं. मनकर्णाबाई तिथे मेथी निवडत होत्या. पंधरा वर्षं त्या सरांचं घर सांभाळत होत्या.

"तुझ्या कार्डावर काय होतं?"

"दोनच ओळी. 'शब्द नाही. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. साक्षीदार: बिभीषण.' माझे वडील." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सर म्हणाले होते, कोशात 'शब्द नाही' असं कसं चालेल? लोक कोश उघडतात ते शब्दासाठी. मी म्हटलं, सर, नाही तर नाही."

"कधीची गोष्ट?"

"होळीच्या आधीची. मी सगळी कार्डं ठेवली आणि लासूरला गेले. वडिलांचा पाय मोडला होता, मेंढरांमागं कुणीतरी पाहिजे होतं. आले ती काल संध्याकाळी."

"मधे एकदाही आली नाहीस?"

"दीडशे मेंढरं टाकून?" ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "बघा, तुमच्यामुळं आकडा आला तोंडात. आईनं ऐकलं असतं तर पाठीत घातली असती."

मनकर्णाबाई खुदकन हसल्या.

"अक्षदा, एक विचारते. राग मानू नको. सगळ्यांचे कप्पे भरलेले आणि तुझ्या एका कार्डावर 'शब्द नाही'. लाज वाटून तू ते बदललं असशील तर आत्ताच सांग."

अक्षदाने मान वर केली. "ताई, आमच्या वाड्यावर आजपर्यंत कुणाचं नाव पुस्तकावर आलं नाही. माझी आत्या, माझा बाप, ती केसरमावशी, सगळ्यांची नावं त्या चौसष्ट कार्डांवर आहेत. एका खोट्यापायी मी ती घालवीन का?"

कृष्णा दारात येऊन उभा होता. "हेच कोर्टात सगळे म्हणतात," तो म्हणाला.

"तू कोर्टात कधी गेलास?" प्रेरणाने विचारलं.

"मी कोर्टाचेच शब्द गोळा केलेत, चारशे दहा. चांगली ओळख आहे." तो ओशाळून हसला. मग गंभीर झाला. "मला आनंद होत नाहीये, प्रेरणा. पण तुला वाटत असेल की मी हे केलं. गेल्या वर्षी हिनं माझ्या अकरा कार्डांवरचे अर्थ चुकीचे ठरवून सुधारायला लावले, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आणि प्रणयला पुस्तकाची आठ पानं कमी करायची आहेत, हेही माहीत आहे?"

नव्हतं. प्रेरणा आत गेली. प्रणयने मान वर न करताच कबूल केलं. "हो मॅडम. साठेक शब्द कमी झाले तर मला सोपं जाईल. पण मी या घरात पहिल्यांदा आलो ते आठ दिवसांपूर्वी. आणि तो टाइपरायटर मला चालवता येत नाही. अक्षरंच सापडत नाहीत त्याच्यावर."

पावणेतीन झाले होते. प्रेरणाने साक्षीदारांच्या वहीतून केसरबाईंचा नंबर घेतला.

३

"आता गं बया! सकाळधरनं दुसऱ्यांदा!" फोन स्पीकरवर होता आणि केसरबाईंचा आवाज कूलरच्या वर गेला. "सकाळच्या बाप्याला समदं सांगितलं की मी."

"मला पुन्हा सांगा, मावशी. बिभीषणची अक्षदा तुमच्याकडे आली होती?"

"आली व्हती की. संक्रांतीच्या टायमाला. दोन दिस बसली. गेरू कसा लावायचा इचारलं. रानात खताला मेंढरं कशी बसवत्यात, ते इचारलं. लई गुणाची पोर हाये. म्हनली, मावशी तुझं नाव पुस्तकात येईल. कवा येनार?"

प्रेरणाने सरांकडे पाहिलं.

"मेंढरं मोजायची गिनती सांगितली का तिला?"

केसरबाईंनी उलट विचारलं, "बाई, तू कुनाची?"

"गंगापूरकडची. शेतकऱ्याची."

"तरीच! अगं, मेंढरं मोजत नसत्यात. मोजलं की नजर लागती. सांजच्याला जाळीच्या आत घेताना तोंडं बघायची. कोन नाय आलं ते कळतंय. तू तुझी पोरं मोजती का वळखती?"

"आणि खडा? एका खिशातला दुसऱ्या खिशात?"

"खिसा?" केसरबाई म्हणाल्या. "लुगड्याला?"

मग त्या अशा हसल्या की सरांच्याही चेहऱ्यावर नकळत हसू आलं आणि लगेच विझलं.

"म्हणजे अक्षदा तिला भेटली, दोन शब्द खरे आणले," कृष्णा हळूच म्हणाला. "तिसरा मात्र..."

"तिसऱ्याबद्दल एवढंच कळलं की कार्ड लिहिणाऱ्याला मेंढपाळ बाईचं लुगडं माहीत नाही," प्रेरणा म्हणाली. "अक्षदा मेंढपाळांत वाढली. तिला खोटंच लिहायचं असतं तर ते तिनं यापेक्षा चांगलं लिहिलं असतं."

"घाईत माणूस चुकतो," सर म्हणाले. "मला अनुमान नको, पुरावा दे. पाच वाजेपर्यंत."

४

प्रेरणाने अक्षदाचा कप्पा टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून कार्डं वाचायला घेतली.

ऑर्ट्स: जनावरांनी खाऊन उरलेला चारा. चघळ. फरक: इंग्रजीत माणसाच्या ताटातलं उरलेलंही चालतं. चघळ फक्त जनावरांची.

रॅडल: मेंढ्यांवर खूण करायची तांबडी माती. गेरू. फरक: आता बरेच जण बाजारातला रंग लावतात.

फॉल्डेज: कुळांची मेंढरं खतासाठी आपल्याच शेतात बसवून घ्यायचा जमीनदाराचा हक्क. मेंढरं बसवणं. फरक: आमच्यात हक्क नसतो. शेतकरी बोलावतो, धान्य देतो, मगच आम्ही बसवतो.

ती वाचत गेली. अठरावं, तिसावं, पन्नासावं. मग ती मागे गेली आणि पुन्हा पहिल्या कार्डापासून बघू लागली. मातीच्या नमुन्यांत एखादा आकडा ओळीबाहेर दिसला की ती असंच करायची.

"सर, त्रेसष्ट कार्डांवर 'फरक' आहे," ती म्हणाली. "प्रत्येकावर. तिकडची वस्तू आणि इकडची वस्तू कुठे जुळत नाही, ते ही मुलगी शोधून लिहिते. टेदराच्या कार्डावर फरक नाही. तिथे इंग्लंड आणि लासूर तंतोतंत जुळलंय."

"सवय एकदा सुटू शकते," कृष्णा म्हणाला. पण त्याचा आवाज आता तितका ठाम नव्हता.

प्रेरणाने टेदराचं कार्ड त्याच्या जागी परत ठेवलं, कप्पा डोळ्यांच्या पातळीला आणला आणि कार्डांच्या वरच्या कडांवरून तर्जनी फिरवली. अगदी सावकाश. कड एकसारखी सपाट लागत होती.

बोट एका ठिकाणी अडलं.

तिने पर्समधून पारदर्शक पट्टी काढली. एक कार्ड मोजलं. दुसरं मोजलं. मग सगळी चौसष्ट मोजली. प्रणय लॅपटॉप बाजूला ठेवून जवळ आला.

"त्रेसष्ट कार्डं पंचाहत्तर मिलिमीटर उंच आहेत," ती म्हणाली. "टेदरा शहात्तर."

"एका मिलिमीटरनं काय होतं मॅडम?"

"कागद गठ्ठ्यानं कापतात. एका गठ्ठ्यातली कार्डं सारखी असतात. हे कार्ड वेगळ्या गठ्ठ्यातलं आहे." ती सरांकडे वळली. "सर, कोरी कार्डं कुठे असतात?"

सरांनी टेबलाचा खालचा खण दाखवला. त्यात एकच गठ्ठा होता. त्याची कागदी पट्टी फाटलेली होती. प्रेरणाने वरचं कार्ड मोजलं. शहात्तर.

"मनकर्णाबाई!"

त्या पदराला हात पुसत आल्या.

"हा गठ्ठा कुणी आणला?"

"मीच की. औरंगपुऱ्यातनं. सरांनी धाडलं व्हतं, कार्डं संपली म्हून. होळी झाली, त्याच्या दुसऱ्या मंगळवारी. रंगपंचमीही होऊन गेली व्हती."

प्रेरणाने गठ्ठा हातात घेतला आणि कार्डं मोजायला लागली. अक्षदाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. गठ्ठ्यावर 'शंभर' असं छापलेलं होतं.

"नव्व्याण्णव," प्रेरणा म्हणाली.

आलेल्या गठ्ठ्यातून फक्त एक कार्ड वापरलं गेलं होतं. आणि ते वापरलं गेलं तेव्हा अक्षदा लासूरला मेंढरांमागे होती.

५

पहिल्यांदा कृष्णा बोलला. "म्हणजे माझ्यावर आलं."

"तू रोज येतोस. टाइपरायटर चालवतोस. साक्षीदारांच्या वहीत केसरबाईंचं नाव तुला मिळू शकतं," प्रेरणा म्हणाली.

"आणि मीच खोटं कार्ड लिहून मीच फोन करून पकडलं?"

"तिला घालवायचं असेल तर तेच करायला हवं."

कृष्णाचा चेहरा तांबडा झाला. "प्रेरणा, शाळेपासून ओळखतेस तू मला!"

"म्हणूनच अजून संशय म्हणतेय, निष्कर्ष म्हणत नाही."

"भांडू नका," सर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "अक्षदा, तू नाहीस हे मला पटलं. पण मलाही सांगू द्या, मी त्या कार्डावर विश्वास का ठेवला. मला ते वाचून आनंद झाला होता, वाटलं, 'शब्द नाही' सोडून हिनं शेवटी शोधलंच. कारण ते खरंच आहे, जगभर मेंढपाळ सारखेच वागतात. माझ्याकडे तिकडचं पत्र आहे. तिकडच्या अर्थालाही मी साक्षीदार घेतो, हे तुम्हाला माहीत नाही. उत्तर इंग्लंडात, कंब्रियातला एक म्हातारा शेतकरी आहे. त्याच्या आजोबांची गिनती त्यानं मला लिहून पाठवली. वीस झाले की डाव्या खिशातला खडा उजव्या खिशात. हुबेहूब तेच!"

प्रेरणा जागच्या जागी थांबली.

"डाव्यातला उजव्यात," ती म्हणाली. "पत्रात तसंच आहे?"

"शब्दन्शब्द."

"सर, माझ्या प्रयोगशाळेत दोन वेगळ्या शेतांच्या मातीची उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत जुळली तर मला आनंद होत नाही. मी आधी बघते, कुणी एकच नमुना दोनदा तर तपासला नाही ना." ती त्यांच्या समोर बसली. "मेंढपाळ जगभर खडे वापरत असतील. पण डावा खिसा? ज्या बाईच्या लुगड्याला खिसाच नाही तिच्या तोंडी डावा खिसा? हे वाक्य लासूरहून आलेलं नाही. ते पत्रातून आलंय. ज्यानं कार्ड लिहिलं त्यानं पत्र वाचलं होतं. पत्र कुणाकुणाला दाखवलंत?"

"कुणालाच नाही. प्रस्तावनेत एकदम छापायचं होतं मला. ट्रंकेत आहे." त्यांचा हात सदऱ्याच्या आत गेला. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला एक किल्ली होती. "ही कधी उतरत नाही. आंघोळीलासुद्धा."

ते एवढं बोलले आणि हातातल्या किल्लीकडे बघत राहिले.

"सर," प्रेरणा अगदी हळू म्हणाली, "पत्र कधी आलं?"

उत्तर मनकर्णाबाईंनी दिलं. "मी कार्डं आनली त्याच दिवशी की. पोष्टमन आन् मी संगंच दारात. सरांनी पत्र फोडलं आन् बसले मशिनीवर. जेवायला हाक मारली, आलेच नायत. एकलेच हसत व्हते. कढी गार झाली. आन् सांजच्याला ताप चढला, एकशे तीन. चार दिस दवाखान्यात. मी कुनाला बोलले नाय, माझं काय काम. पण कार्डाचं लफडं हाये हे मला आत्ता कळालं."

सर उठले. ट्रंक पलंगाखाली होती. अक्षदा पुढे झाली, पण त्यांनी तिला हातानेच थांबवलं, स्वतः गुडघ्यांवर बसले आणि कुलूप काढलं. परदेशी तिकिटाचं लांबट पाकीट वरच होतं. त्यांनी ते प्रेरणाच्या हातात दिलं.

पाकिटात पत्र होतं. आणि पत्राच्या घडीत एक कार्ड.

प्रेरणाने ते पट्टीला लावलं. पंचाहत्तर मिलिमीटर.

टेदरा: शब्द नाही. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. साक्षीदार: बिभीषण. संग्राहक: अ.

६

सर पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी प्रेरणाच्या हातातून ते कार्ड घेतलं.

"आठवतंय," ते म्हणाले. "आता आठवतंय. पत्र वाचलं आणि वाटलं, बिभीषण तरुण आहे, त्याला माहीत नसेल. केसरबाई जुनी आहे, तिच्याकडे नक्की असेल. शब्द नाही असं होऊच शकत नाही. अडतीस वर्षं मी रिकाम्या जागा भरत आलो. म्हटलं, तात्पुरतं लिहून ठेवू, अक्षदा आली की केसरबाईला विचारून घेईल. कप्पा तिचा, म्हणून खाली 'अ' टाकलं. बोटांनी आपोआप टाकलं. मग ताप आला. मग ते माझ्याच डोळ्यांना खरं दिसायला लागलं."

अक्षदाचे डोळे आत्ता, पहिल्यांदा, भरून आले होते.

"पोरी, मी सकाळपासून तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," सर म्हणाले. "माफी मागतो. सगळ्यांसमोर मागतो."

"सर, असं नका..."

"थांब. अजून संपलं नाही." ते उठून उभे राहिले. "खोटा साक्षीदार मी घातला. म्हणजे संग्राहक मी. नियम माझाच आहे. माझी कार्डं दोन हजार आठशे."

खोलीतली हवा बदलली. प्रणयने घड्याळ पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं.

"सर, हे घरातलं घरात आहे," कृष्णा घाईघाईने म्हणाला. "एक कार्ड काढलं की झालं. आजारपणात झालेली चूक आहे. कुणाला कळणार आहे?"

"सकाळी तिची चूक वाटली तेव्हा तू असं म्हणाला नाहीस," सर म्हणाले. "मीही म्हणालो नाही. अक्षदा, निकाल तू द्यायचा. तू म्हणशील ते."

सगळे तिच्याकडे बघत होते. प्रेरणाला वाटलं, आता ही मुलगी हसेल आणि म्हणेल, जाऊ द्या सर. ते सोपं होतं, चांगलंही दिसलं असतं.

अक्षदाने नाक पुसलं. ती कपाटाकडे गेली. सरांचे एकोणीस कप्पे एकाखाली एक होते. तिने पहिल्यावर हात ठेवला.

"नियम लावायचा," ती म्हणाली.

"अक्षदा!" कृष्णा ओरडला.

"सर, तुम्ही केसरमावशीला विचारलं नाही, पण तिच्या नावावर लिहिलं. अजून कुठं असं तात्पुरतं लिहिलंय का, ते तुम्हाला तरी सांगता येईल का?"

सरांनी एकोणीस कप्प्यांवरून नजर फिरवली. "नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर नाही."

"मग ही कार्डं आज जाणार नाहीत. रद्द म्हणजे जाळायची नाहीत, थांबवायची. एकेका साक्षीदाराला पुन्हा विचारायचं. ज्याचं खरं निघेल ते कार्ड पुन्हा कोशात." ती प्रणयकडे वळली. "आज पहिला भाग घेऊन जा. माझी चौसष्ट आणि कृष्णा सरांची चारशे दहा."

"चारशे चौऱ्याहत्तर?" प्रणयचा चेहरा पडला. "ताई, सव्वातीन हजारांचा कोश ठरला होता! मला आठ पानं कमी करायची होती, साडेतीनशे नव्हे!"

"ज्याला सव्वातीन हजार खरे पाहिजेत तो दुसऱ्या भागाची वाट बघेल."

"माझी चारशे दहा कुणी तपासली?" कृष्णाने विचारलं. त्याला खरंच भीती वाटली होती.

"मी. गेल्या वर्षी. सगळी. अकरा सापडली होती, सर, आठवतंय ना?"

कृष्णाने आधी कपाळाला हात लावला आणि मग मोठ्याने हसला. "आठवतंय, बाई. आता तर जन्मभर आठवेल."

पुढची तीस मिनिटं त्या घरात कुणी बसलं नाही. कृष्णा सरांचा मजकूर वेगळा काढून कप्प्यांच्या नावांनी फाइली करत होता. प्रेरणा टेदराची नवी नोंद प्रणयला वाचून दाखवत होती आणि प्रत्येक स्वल्पविराम दोनदा तपासत होती. मनकर्णाबाईंनी चहा केला आणि तो सगळ्यांनी उभ्यानेच घेतला. प्रणय मुखपृष्ठावरची नावं पुन्हा बसवत होता.

"सर, तुमचं नाव?" त्याने अडखळत विचारलं.

सर खिडकीपाशी होते. "पहिल्या भागात माझं एकही कार्ड नाही. नाव कशाला?"

"टेदरावर घ्या," अक्षदा म्हणाली. "तिकडच्या पत्राचे साक्षीदार सरच आहेत. पत्र त्यांना आलं, त्यांनी वाचलं, ते खरं आहे. बिभीषण आणि पुंजाराम, दोघं एकाच ओळीत."

प्रणयने तसं टाइप केलं. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी फाइल गेली. मुखपृष्ठावर दोनच नावं होती आणि त्यातलं पहिलं अक्षदा बिभीषण असं होतं. तिने ते पडद्यावर बघितलं, एकदा बोट लावून बघितलं आणि हसून बाजूला झाली.

सर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. "दुसऱ्या भागाला किती दिवस लागतील?"

"रोज दहा साक्षीदार धरले तर नऊ-दहा महिने."

"मी एकोणऐंशीचा आहे."

"मग पंधरा धरू," अक्षदा म्हणाली.

तिने पहिला कप्पा ओढून टेबलावर ठेवला. वरचं कार्ड 'ॲप्रिसिटी'चं होतं. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. साक्षीदार लासूरचाच, भिकन नावाचा, वहीतला त्याचा नंबर एकवीस वर्षांपूर्वीचा आणि घरातल्या फोनचा.

"असेल का हा माणूस?" प्रेरणाने विचारलं.

"बघू की," अक्षदा म्हणाली आणि तिने नंबर फिरवला. सर तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकले. रिंग वाजत राहिली. पाच वेळा, सहा वेळा, सात वेळा. कृष्णाने कूलर बंद केला.

"हॅलो?" पलीकडून एक म्हातारा, जाड आवाज आला. "कोन बोलतंय?"

अक्षदाने पेन उचललं.